मटका : वरोऱ्याच्या कापसापासून ‘धर्मात्मा’पर्यंत

#थ्रेड

१/
२०१७ साली ‘मॉलीज गेम’ हा हॉलिवूडचा चरित्रपट प्रदर्शित झाला. मॉली ब्लूम ही एकेकाळची स्कीपटू. तिने लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क येथे नट, धनाढ्य व गुंतवणूकदार यांच्यासाठी पोकरचे गुप्त डाव चालविले. मेजावर बसण्यासाठीच सुरुवातीला दहा हजार डॉलर मोजावे लागत. २०१३ मध्ये तिला अटक झाली. २०१४ मध्ये न्यायालयाने एक वर्षाची देखरेख, दोनशे तास समाजसेवा आणि एक हजार डॉलर दंड एवढीच शिक्षा दिली.

२/
भूमिगत जुगाराच्या सम्राटावर भारतात असा चित्रपट निघाला होता का? निघाला होता, तोही बेचाळीस वर्षे आधी. १९७५ चा फिरोज खान यांचा ‘धर्मात्मा’. त्यातील प्रेमनाथ यांनी साकारलेला सट्टासम्राट शेठ धरमदास हा मुंबईच्या रतन खत्री या ‘मटका किंग’वरून बेतला होता, हे तेव्हाच्या प्रेक्षकांना सांगावे लागत नसे.

३/
मात्र दोन्हींत एक मूलभूत फरक आहे. मॉलीचे साम्राज्य मूठभर श्रीमंतांच्या मोठ्या रकमांवर उभे होते. खत्रींचे साम्राज्य लक्षावधी गरिबांच्या चार-आठ आण्यांवर उभे राहिले. आणि त्या खेळाची मुळे मुंबईत नव्हे, तर वऱ्हाड आणि चांदा-वर्ध्याच्या काळ्या जमिनीत, कापसात आहेत. हा प्रवास वरोऱ्यापासून सुरू करावा लागतो.

४/
आजच्या चंद्रपूर जिल्ह्याचे दोन चेहरे आहेत. पूर्वेकडे जंगल आणि धानाची शेती. पश्चिमेकडे वरोरा, भद्रावती, राजुरा या भागांत कापसाची काळी जमीन. नागपूरचे भोसले राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि ‘चांदा’ हा इंग्रजी अमलाखालचा जिल्हा बनला. शेजारचे हिंगणघाट तर आपल्या कापसाच्या प्रतीमुळे थेट इंग्लंडच्या गिरण्यांत नावाजले गेले होते.

५/
१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील राज्यांचा कापूस मँचेस्टरला पोहोचेना. परिणामी हिंदुस्थानी कापसाचे भाव अभूतपूर्व वाढले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे व्यापारी शेअर बाजाराचे अनभिषिक्त राजे झाले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि जुलैपर्यंत अर्धी मुंबई दिवाळखोर झाली.

६/
या चार वर्षांनी मुंबईला एक कायमची सवय लावली. कापूस न पाहता, न उचलता, केवळ त्याच्या उद्याच्या भावावर पैसा लावण्याची. शेतकऱ्याच्या दृष्टीने कापूस म्हणजे वर्षभराचे कष्ट. बाजाराच्या दृष्टीने तो एक आकडा होता. मटक्याचा जन्म व्हायला अजून शंभर वर्षे होती. पण वस्तू आणि आकडा यांची फारकत इथेच सुरू झाली.

७/
पुढच्या दोन गोष्टींनी ही फारकत पूर्ण केली. पहिली रेल्वे : १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरला पोहोचला, आणि १८७० च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत फाटा आला. वरोऱ्याचा कोळसा आणि परिसरातील कापूस त्याच रुळांवरून बाहेर पडू लागला. दुसरी तार : १८६६ मध्ये अटलांटिक महासागराखालून कायमची तार कार्यान्वित झाली, तर १८७० मध्ये मुंबई समुद्री तारेने लंडनशी जोडली गेली.

८/
त्याच १८७० मध्ये न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजची स्थापना झाली. आता न्यूयॉर्कला कापसाचा बाजार कोणत्या भावाने उघडला आणि कोणत्या भावाने बंद झाला, हे मुंबईच्या व्यापाऱ्याला तारेने कळू शकत होते. खऱ्या व्यापाऱ्याला ते भाव व्यवहारासाठी हवे होते. पण बाजाराच्या भोवती हमाल, कारकून, दलाल, फेरीवाले यांचीही गर्दी असते. त्यांच्याजवळ कापसाची गाठ घेण्याइतके भांडवल नव्हते. त्यांना त्या भावाचा केवळ शेवटचा अंक पुरेसा होता.

९/
हाच ‘आकड्यांचा जुगार’. न्यूयॉर्कहून येणाऱ्या उघडत्या आणि मिटत्या भावांतील अंक कोणता असेल, यावर पैसे लावायचे. दूर कोठे तरी, सात समुद्रांपलीकडे ठरणारा आकडा; तो मुंबईतला कोणी शेठ बदलू शकत नाही, हीच त्याची विश्वासार्हता. जुगार खेळणारा नशिबावर जितका विश्वास ठेवतो, तितकाच त्याला आकडा ‘स्वच्छ’ असण्याचा विश्वास लागतो. हा मुद्दा लक्षात ठेवावा. पुढे सगळे त्यावरच फिरते.

१०/
सट्ट्याला विषय कोणताही चालतो, याचा मुंबईने आधीच पुरावा दिला होता. एकोणिसाव्या शतकात मुंबईत पावसावर सट्टा चाले. ठरावीक वेळात छपरावरून पन्हळीतून पाणी वाहील की नाही, यावर पैजा लागत. १८८७ मध्ये मुंबई सरकारने जुगार प्रतिबंधक कायदा केला, तेव्हा पाऊस हे ‘जुगाराचे साधन’ कसे, असा पेच न्यायालयात उभा राहिला. अखेर १८९० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पावसाचा सट्टा त्याच्या कक्षेत आणावा लागला.

११/
चांदा जिल्हा मात्र तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हता. तो मध्य प्रांतात होता आणि तेथे १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा लागू होता. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १८८७ चा तो मुंबईचा कायदा कालांतराने इथेही पोहोचला. चंद्रपूर-गडचिरोलीत आजही सट्टापट्टीवर जी कारवाई होते, तिची कलमे मूलतः राणी व्हिक्टोरियाच्या काळातील आहेत.

१२/
आता १९४१. कच्छमधील रतडिया गावचा कल्याणजी नावाचा एक शेतकरी तरुण मुंबईत आला. त्याने मसाल्याची फेरी केली, किराणा दुकान सांभाळले. कुटुंबाचे मूळ आडनाव गाला. ‘भगत’ ही उपाधी. देशाच्या फाळणीनंतर कराचीहून एक सिंधी किशोरवयीन निर्वासित मुंबईत आला. त्याचे नाव रतन खत्री. मुंबादेवी परिसरातील धनजी स्ट्रीट ही त्याची कर्मभूमी ठरली.

१३/
१९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कचे ते आकडे येणे थांबले. ज्या अंकांवर हजारोंचा रोजचा खेळ चालत होता, त्या अंकांचा झराच आटला. कोणत्याही सामान्य धंद्याचा माल संपला, तर धंदा बंद पडतो. इथे उलटे घडले. व्यवहारातून कापूस कधीच निघून गेला होता. आता न्यूयॉर्कही निघून गेले, तरी आकडा शिल्लक राहिला. प्रश्न एवढाच होता की, आता तो काढायचा कोणी आणि कशातून?

१४/
१९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीच्या आपल्या निवासी इमारतीच्या आवारात स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली. शून्य ते नऊ अंकांच्या चिठ्ठ्या मडक्यात टाकून एक उचलायची, या पद्धतीवरून ‘मटका’ हे नाव रूढ झाले. पुढे मडक्याची जागा पत्त्यांनी घेतली. नाव मात्र मडक्याचेच राहिले. खत्री आधी कल्याणजींबरोबर काम करीत होते. १९६४ मध्ये त्यांनी वेगळे होऊन ‘रतन मटका’ सुरू केला.

१५/
खेळाची रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण तिचे यश तिच्या सोपेपणात आहे. पत्त्यांतून तीन अंक काढले जातात. समजा ५, ३, ६ आले. ते चढत्या क्रमाने लिहायचे : ३५६. बेरीज १४, तिचा शेवटचा अंक ४. हा झाला ‘ओपन’. काही तासांनी पुन्हा तीन अंक : २, ८, ८. बेरीज १८, अंक ८. हा ‘क्लोज’. निकाल असा लिहितात : ३५६-४८-२८८. मधला ४८ म्हणजे ‘जोडी’.

१६/
‘ओपन’ आणि ‘क्लोज’. क्षणभर या दोन शब्दांवर थांबावे. हे शब्द पत्त्यांचे नाहीत, मडक्याचेही नाहीत. ते कापूस बाजाराचे आहेत : बाजार उघडतानाचा भाव आणि बंद होतानाचा भाव. घुग्घुस किंवा बल्लारपूरच्या एखाद्या पानटपरीवर आजही ‘ओपनला काय आला?’ असे विचारणारा माणूस, नकळत, शंभर वर्षांपूर्वीच्या न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराची भाषा बोलत असतो. इतिहास कधी कधी शिलालेखात नव्हे, अशा शब्दांत टिकून राहतो.

१७/
आता गणित. एका अंकावर रुपया लावला आणि तो आला, तर साधारणपणे नऊ रुपये मिळत. जोडी लागली, तर नव्वद. वरवर पाहता उदार व्यवहार. पण अंक दहा आहेत आणि जोड्या शंभर. म्हणजे दोन्ही ठिकाणी लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांपैकी सरासरी दहा रुपये परत येतच नाहीत. चिठ्ठी लिहिणाऱ्याचा हिस्सा, वरच्या बुकीचा हिस्सा, पेढीचा नफा, सारे या दहातून.

१८/
रोज एक रुपया जोडीवर लावणारे शंभर कामगार कल्पून पाहा. शंभर दिवसांनंतर त्यांपैकी सुमारे सदतीस जणांना एकदाही जोडी लागलेली नसेल. सुमारे तितक्याच जणांना एकदा लागलेली असेल. तेही शंभर लावून नव्वद घेऊन बसलेले. उरलेल्या पावशेक भाग्यवंतांना दोन किंवा अधिक वेळा लागते. चाळीत, वस्तीत कथा मात्र त्या पावशेकांचीच सांगितली जाते. हरणाऱ्याची कथा नसते. त्याची फक्त उधारी असते.

१९/
यात कोठेही लबाडी गृहीत धरलेली नाही, हे महत्त्वाचे. आकडा पूर्णपणे स्वच्छ काढला, तरी पेढी जिंकतेच. म्हणूनच चतुर पेढीवाल्याला आकडा स्वच्छ ठेवणे परवडते. रतन खत्री पत्ते लोकांसमक्ष काढत, जमलेल्यांपैकी कोणाला तरी पत्ता ओढायला सांगत, असे त्यांच्याविषयी सातत्याने सांगितले जाते. न्यूयॉर्कच्या तारेने जो विश्वास दिला होता, तो आता एका माणसाच्या नावाने दिला. खत्रींचे खरे भांडवल पैसा नव्हते, पत होती.

२०/
हा खेळ फुलला तो गिरणगावात. लालबाग, परळ, वरळी, भायखळा. पाळ्यांमध्ये बांधलेले आयुष्य, ठरलेला पगार, आणि त्या पगारातून आयुष्यात कधीही न सुटणारी गणिते : गावाकडची जमीन सोडवणे, बहिणीचे लग्न, चाळीतली स्वतःची खोली. चार आण्यांची चिठ्ठी हा त्या कामगाराचा हिशेबात न बसणारा एकमेव खर्च होता. त्याला केवळ ‘व्यसन’ म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यामागची अडचण वाचायला हवी.

२१/
आकडा निघाला की दूरध्वनीवरून तो देशभर पसरत असे. मुंबईत मध्यरात्री निघालेला क्लोज सकाळपर्यंत विदर्भातल्या टपऱ्यांवर पोहोचे. वृत्तपत्रांतूनही आकडे सूचक स्वरूपात छापले जात. जुगाराला साहाय्य करणारी अशी माहिती छापणे वा वाटणे हा कायद्याच्या कलम १२ अ नुसार गुन्हा ठरतो. विदर्भात या खेळाला ‘सट्टापट्टी’ म्हणतात. पट्टी म्हणजे ज्यावर आकडा आणि रक्कम लिहितात, तो कागदाचा लहानसा तुकडा.

२२/
या सुमारास चंद्रपूरचे रूप पालटत होते. बल्लारपूरला कागद गिरणी होती. १९७३ मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफिल्ड्स स्थापन झाली, आणि १९८० च्या दशकात औष्णिक वीज केंद्र धडधडू लागले. घुग्घुस, माजरी, बल्लारपूर इथे देशाच्या नाना भागांतून आलेला, रोख पगार घेणारा, आपल्या गावापासून दूर राहणारा कामगारवर्ग उभा राहिला. सट्टापट्टीला लागणारी नेमकी जमीन हीच. शतकापूर्वी ज्या रुळांवरून वरोऱ्याचा कापूस आणि कोळसा मुंबईकडे गेला, त्या वाटेनेच जणू आकडा परत आला.

२३/
जिल्ह्याच्या पूर्वेकडे, आजच्या गडचिरोलीत, पैजेचे एक निराळे रूप जुने आहे. (गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी.) धानाची कापणी आटोपली की जंगलातल्या मोकळ्या जागी ‘कोंबडबाजार’ भरतो. कोंबड्याच्या पायाला धारदार काती बांधून झुंज लावतात. जिंकणाऱ्याला हरलेला कोंबडा मिळतो. भोवतीचे लोक पैजा लावतात. सीमेपलीकडे बस्तरात आणि तेलुगू मुलखात संक्रांतीच्या सुमारास हेच चित्र दिसते.

२४/
कोंबडबाजार निर्दोष नाही. प्राण्यांच्या झुंजी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने निषिद्ध आहेत. आणि बाहेरचा पैसा आला की तेथेही हजारोंच्या बोली लागतात, शेतकऱ्याचे धान विकून आलेले पैसे तासाभरात संपतात. पण तुलनेसाठी तो उपयुक्त आहे. तेथे हरणारा आणि जिंकणारा समोरासमोर असतात. कोणाकडून हरलो, हे दिसते. सट्टापट्टीत हरणाऱ्याला समोर कोणीच दिसत नाही. त्याला दिसतो फक्त कागदाचा तुकडा.

२५/
पुन्हा १९७५ कडे वळू. ‘धर्मात्मा’ हॉलिवूडच्या ‘गॉडफादर’च्या (१९७२) साच्यात घडलेला आहे. चित्रपटाचा काही भाग अफगाणिस्तानात चित्रित झाला आणि त्या निसर्गाची तेव्हा फार चर्चा झाली. कथेच्या केंद्रस्थानी बाप आणि लेक आहेत : दानशूर, धर्मात्मा म्हणून पूजला जाणारा सट्टासम्राट, आणि बापाचा धंदा न पटल्याने दूर गेलेला मुलगा. मुलाचा प्रश्न खरा आहे. पण चित्रपट तो प्रश्न कुटुंबातच मिटवतो.

२६/
त्याच वर्षी, २५ जून १९७५ रोजी, देशात आणीबाणी जाहीर झाली. पडद्यावर ‘धर्मात्मा’ गाजत असताना प्रत्यक्षातला रतन खत्री तुरुंगात गेला आणि सुमारे एकोणीस महिने तेथे राहिला. बाहेर आल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला. ज्या धंद्याचा पाया लाखो चिठ्ठ्या आहेत, तो एका माणसाला कोंडून थांबत नाही. ‘सम्राट’ ही प्रतिमा किती अपुरी आहे, याचा हा पहिला पुरावा.

२७/
राज्यसंस्थेची भूमिकाही सरळ नव्हती. १९६९ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्वतःची लॉटरी सुरू केली. महालक्ष्मीच्या मैदानावरील घोड्यांची शर्यत कायदेशीर होतीच. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. म्हणजे घोड्यावर पैसे लावणारा नागरिक, लॉटरीचे तिकीट घेणारा ग्राहक, आणि चार आण्यांची चिठ्ठी लिहिणारा मात्र आरोपी. तिघांच्याही मनातली आशा एकाच जातीची होती.

२८/
१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. असंख्य जण पुन्हा कधीच आत गेले नाहीत. ज्या पगारातून चार आणे निघत, तो पगारच संपला. १९९० च्या दशकाच्या आरंभी खत्रींनी धंद्यातून अंग काढून घेतले. १९९५ च्या सुमारास मुंबई पोलिसांच्या कारवाईने उरलेल्या बुकींचे जाळे विस्कटले. क्रिकेटच्या सट्ट्याने पुढची गर्दी ओढली.

२९/
सम्राटांचा शेवट कसा झाला? कल्याणजींनंतर धंदा सांभाळणारे त्यांचे पुत्र सुरेश भगत २००८ मध्ये अलिबाग-पेण रस्त्यावर ट्रकच्या धडकेत ठार झाले. तो अपघात नसून खुनाचा कट होता, असा निकाल न्यायालयाने २०१३ मध्ये दिला आणि त्यात घरचेच दोषी ठरले. रतन खत्री मात्र ९ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, वयाच्या ८८ व्या वर्षी मुंबई सेंट्रल येथील आपल्या घरी वृद्धापकाळाने निवर्तले.

३०/
त्यांच्या निधनाची बातमी देशभर छापून आली. २०२४ मध्ये ‘मटका’ हा तेलुगू चित्रपटही त्यांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन आला. सम्राटाचे चरित्र पुन्हा पुन्हा लिहिले जाते, कारण त्याला चेहरा आहे, नाव आहे, उदय आणि अस्त आहे. चिठ्ठी लिहिणाऱ्याला आणि लावणाऱ्याला यांतले काहीच नाही. धाड पडते तेव्हा सापडतो तो टपरीवर बसलेला चिठ्ठीवाला. जप्त होतात काही शे रुपये, एक पेन आणि आकडे लिहिलेले कागद. जिल्हा पानावर दोन ओळींची बातमी येते.

३१/
इथे इतिहासलेखनाचा खरा प्रश्न आहे. मटक्याची साधने बहुतेक नष्ट होण्यासाठीच जन्मली. निकाल लागला की पट्टी फाडली जाते. हरलेली चिठ्ठी कोणी जपून ठेवत नाही, आणि वही पोलिसांच्या हाती लागू नये म्हणून जाळली जाते. जे उरते ते राजाच्या बाजूने : मुलाखती, दंतकथा, चित्रपट. अभिलेखागार जसे दरबाराचे अधिक आणि रयतेचे कमी असते, तसेच हे. केवळ ‘धर्मात्मा’वरून मटका समजून घेणे म्हणजे केवळ बखरीवरून एखादा दुष्काळ समजून घेणे.

३२/
‘मॉलीज गेम’सारखा चित्रपट एका मेजाभोवती मावतो, कारण त्या जुगाराला खरोखरच एक मेज होते. बसणारे मोजके, रकमा प्रचंड, आणि हरणाऱ्याला ती रक्कम बहुधा पेलणारी. मटक्याला मेज नव्हते. त्यातील प्रत्येक डाव क्षुल्लक होता. पण लावणाऱ्याच्या दिवसभराच्या मजुरीच्या मापाने तो कधीच क्षुल्लक नव्हता. मोठा डाव कोणाचा, हे रकमेवरून ठरत नाही. हरल्यावर घरी काय उरते, यावरून ठरते.

३३/
खेळ संपलेला नाही. मडके गेले, पत्ते गेले, आता आकडा मोबाइलच्या पडद्यावर निघतो. ‘कल्याण’ हे नावही टिकून आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संमत केला. १८६७, १८८७, १८९०, २०२५ : पैजेचे साधन बदलते, कायदा मागून धावतो. पावसाच्या पन्हळीपासून मोबाइलपर्यंत हीच शर्यत चालू आहे.

३४/
आणि कापूस? वरोरा-भद्रावतीच्या पट्ट्यात तो आजही पिकतो. त्याचा भाव आजही दूर कोठे तरी, शेतकऱ्याला न दिसणाऱ्या बाजारात ठरतो. पेरणीच्या वेळी उघडता भाव काय आणि वेचणी संपेपर्यंत मिटता भाव काय, हे त्याच्या हाती नाही. तो जुगार खेळत नाही, कष्ट करतो; तरी त्याचे वर्ष एका आकड्यावर लागलेले असते. मटक्याच्या इतिहासात सर्वांत मोठा डाव कोणी लावला, या प्रश्नाचे एक उत्तर त्या शेतातही शोधावे लागेल.

३५/
वाचकहो, सम्राटांची चरित्रे पडद्यावर आहेत. उरलेले अर्धे साधन तुमच्या घरात असू शकते. गिरणीत, खाणीत, कागद कारखान्यात आयुष्य काढलेले आजोबा, मामा, शेजारचे काका यांच्याजवळ सवडीने बसा. ‘तुम्ही आकडा लावायचा का?’ असे थेट विचारू नका. ते हसून विषय बदलतील. ‘जोडी लागली असती, तर काय करणार होतात?’ असे विचारा. जे उत्तर येईल, ते लिहून ठेवा. त्या काळाची खरी बखर तीच.

समाप्त.

#मटका #चंद्रपूर #गडचिरोली #गिरणगाव #इतिहास